शेजारच्या टार्गेटवरची गोळी

स्टर्लिंगची छावणी,
४ जून १८९९

मिस मॅक्फेल यांस,

तुमची माझी ओळख नाही. पाकिटावर परकं अक्षर बघून तुमच्या काळजात धस्स झालं असेल, तर आधी माफी मागतो. तुमचा भाऊ धडधाकट आहे. माझ्यासमोर बसून बूट पुसतोय. एका बुटाला तो जेवढा वेळ लावतो तेवढ्यात मी सगळ्या पलटणीची पत्रं लिहून देईन. मी कॉर्पोरल वॉटी रेनी, गाव पेझ्ली, इथं यायच्या आधी सुताच्या गिरणीत होतो. मर्डोची आणि माझी खाट शेजारी-शेजारी. घरी पत्र का लिहीत नाहीस, असं मी त्याला कायम विचारतो. तो म्हणतो, "लिहिण्याजोगं काही झालं की लिहीन." आता झालंय, तर म्हणतो, "स्वतःबद्दल स्वतः काय लिहायचं, बरं दिसत नाही." म्हणून ही धोंड माझ्या गळ्यात.

झालंय ते असं. स्कॉटलंडातल्या सगळ्या पलटणींची चांदमारी शनिवारी झाली आणि मर्डोनं ती मारून नेली. मी काही लगेच भारावणारा माणूस नाही. पेझ्लीत फुकटचं कौतुक करायची पद्धत नाही. पण त्याच्या कडेला पालथं पडून दुर्बिणीतून वारा सांगायचं काम माझं असतं, त्यामुळं मी जे पाहतो ते दुसरं कुणी पाहत नाही. बाकीचे लोक बंदूक घट्ट धरून ठेवतात. हा तिच्यासोबत नुसता पडून राहतो. शनिवारी एक माशी त्याच्या मनगटावर येऊन बसली, निवांत पाय घासले आणि गेली. हात हलला नाही. मी म्हणावं वारा डावीकडून वाढलाय, तर त्यानं ते गवतावरून आधीच ओळखलेलं असतं. मग लांबवर खंदकातून पांढरी चकती वर येते, म्हणजे गोळी मधल्या काळ्या वर्तुळाच्या आत. मी रोज पाहतो आणि रोज माझं तोंड उघडं राहतं.

आता एक विचारायचंय. प्रत्येक गोळीआधी तो आपल्या टार्गेटचा नंबर तोंडानं बोलतो. "सहा," म्हणतो आणि चाप ओढतो. पोरं चिडवतात की मर्डो पाढे म्हणतोय. विचारलं तर म्हणतो, "घरची सवय आहे." ही कसली घरची सवय?

पुढच्या उन्हाळ्यात बिस्लीच्या मैदानावर सगळ्या देशाची चांदमारी आहे. तिथं मोठं सुवर्णपदक मिळवणाऱ्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात. मी आत्तापासून खांद्याला तेल चोळतोय.

आपला,
वॉटी रेनी


ग्लेन ऑरी,
१८ जून १८९९

कॉर्पोरल रेनी यांस,

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या घरात दोन पुरुष आहेत आणि दोघांना मिळून वर्षाला दहा वाक्यं पुरतात. बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "वारा कुठून होता?" मी म्हटलं, पत्रात लिहिलंय, डावीकडून. तर मान हलवून कुत्र्यांना खायला घालायला गेले. पण त्या दिवशी कुत्र्यांना दोनदा मिळालं.

खरं सांगू का, कागदाला भोकं पाडण्यात एवढं काय आहे ते मला कधी कळलं नाही. पण घरच्या सवयीबद्दल विचारलंत, तर ऐका. मर्डो सांगणार नाही आणि बाबा तर मुळीच नाही.

बाबा इथल्या जमीनदाराच्या हरणांच्या रानाचे राखणदार. तरुणपणी हौशी पलटणीत होते आणि त्यांच्यासारखा नेम या मुलखात कुणाचा नव्हता. मी नऊ वर्षांची असताना ते त्याच मोठ्या पदकासाठी लंडनजवळ विंबल्डनच्या माळावर गेले, तेव्हा ती स्पर्धा तिथं व्हायची. शेवटची गोळी उरली तेव्हा सगळ्यांच्या पुढं होते. इथल्या पोस्टमास्तरला तशी तार आली. त्याला बातमी पहिली सांगायची घाई, त्यानं ठोकून दिलं की हेक्टर मॅक्फेल जिंकला. तिकडे बाबांच्या डोळ्यात घामाचा थेंब गेला. त्यांनी मान उचलून डोळा पुसला, पुन्हा पालथे पडले आणि गोळी मारली. काळ्याच्या मधोमध लागली. पण शेजारच्या टार्गेटवर. हजार यार्डांवरून सगळी टार्गेटं सारखीच दिसतात, आणि शेजारच्यावर लागलेल्या गोळीला शून्य.

दुसरी तार कुणी केली नाही. बाबा स्टेशनावरून चालत येत होते. ओढ्याच्या वळणावर आले आणि त्यांना समोरच्या टेकडीवर आग दिसली. आमच्याकडे कुणी मोठं काही करून आलं की टेकडीवर आग पेटवतात. सगळं गाव वर नाचत होतं. ते तसेच वर चढले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी शेजारच्या टार्गेटवर मारली." एवढं बोलून घरी आले.

तेव्हापासून चर्चमध्ये कुणी चुकीच्या बाकावर बसला की लोक म्हणतात, याचा हेक्टर झाला. बाबाही हसतात. पण त्यांनी पुन्हा स्पर्धेची बंदूक हातात धरली नाही, आणि त्या टेकडीवर पुन्हा आग पेटू दिली नाही. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हासुद्धा गावानं पलीकडच्या टेकडीवर पेटवली. मर्डोला त्यांनी शिकवलं, आणि पहिला धडा नेम धरण्याचा नव्हता. "आधी नंबर बोल. डोळा फसेल, तोंडाला फसवता येत नाही."

तेव्हा तुमच्या पोरांना सांगा, चिडवायचं तर जपून चिडवा.

एफी मॅक्फेल


लष्करी इस्पितळ, दक्षिण आफ्रिका,
१० मार्च १९००

मिस मॅक्फेल यांस,

वर इस्पितळ लिहिलंय म्हणून घाबरू नका. बोअरांशी लढताना मर्डोला जरा खरचटलंय. गोळी खडकावर आपटली आणि दगडाची कपची उडून गालाला लागली. पट्टी बांधलीय. मी त्याला म्हटलं, आधी तरी कुठं मोठा देखणा होतास. तो हसला, म्हणजे काळजीचं कारण नाही.

इथलं पाणी चहाच्या रंगाचं आहे, आणि चहा पाण्याच्या रंगाचा. बाकी लिहिण्यासारखं नाही.

वॉटी रेनी


ग्लेन ऑरी,
६ जानेवारी १९०२

कॉर्पोरल रेनी यांस,

तुमच्यावर मी रागावले आहे, तेव्हा नीट बसून वाचा.

मर्डो नव्या वर्षाला रजेवर आला. पलटण परतल्यावर सहा महिने वाट बघायला लावली, तरी मी काही बोलले नाही. काळ्या केसांचा उंच माणूस वर्षात पहिला उंबरा ओलांडून आला की घराला चांगलं, म्हणून गावातल्या प्रत्येक घरी त्याला कोळसा हातात देऊन पुढं केलं. सगळे शेजारी शेवटी आमच्याकडे आले. त्यानं बाटली उचलली आणि व्हिस्की ओतली ती सरळ टेबलावर. ग्लास बोटभर बाजूला. मी पुसलं. दुसऱ्या ग्लासाला पुन्हा तेच. तेव्हा डूगी लोहार म्हणाला, "अरे, हा तर बापावर गेला. ह्याचंही शेजारी जातंय." सगळं घर हसलं. मर्डोही हसला. बाबा हसले नाहीत.

माझा भाऊ लष्करात गेला तेव्हा त्याला व्हिस्कीचा वास सहन होत नव्हता. आता भर घरात हात हुकेपर्यंत पिऊन येतो, तर हे कुणी शिकवलं? तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपतो म्हणून विचारते. तुमची पत्रं मजेची असतात, पण मजा करणाऱ्यांची संगत कशी असते ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याला घेऊन रानात गेले. दोघं संध्याकाळी परतले. मला वाटलं बाबांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असेल. पण ते एवढंच म्हणाले, "एफी, पोराला दूध गरम करून दे."

खरं काय ते लिहा.

एफी मॅक्फेल


स्टर्लिंगची छावणी,
१४ जानेवारी १९०२

मिस एफी यांस,

मर्डो प्यायलेला नव्हता. तो तेव्हाही पीत नव्हता, आताही पीत नाही. ती कपची गालाला नाही, उजव्या डोळ्याला लागली होती. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार याखेरीज काही कळत नाही. एका डोळ्याला जवळचं अंतर नीट उमगत नाही, म्हणून ग्लास हुकतो. जिनाही हुकतो कधीकधी. मी तुम्हाला खोटं लिहिलं, कारण त्यानं मला इस्पितळात शपथ घातली होती की बाबांना कळता कामा नये. त्यांनी जे हातानं घडवलं ते मोडलं, हे त्यांना कसं सांगायचं, असं म्हणाला. आज मी शपथ मोडतोय, कारण तुम्ही त्याला बेवडा समजून बसलात तर ते मला बघवणार नाही.

डॉक्टरांचा किस्सा ऐका. ते म्हणाले, एक डोळा झाक आणि वाच. यानं उजव्या हातानं उजवा झाकला, वाचलं. म्हणाले, आता दुसरा झाक. यानं डाव्या हातानं पुन्हा उजवाच झाकला आणि वाचलं. डॉक्टर फसले, पण कर्नलसाहेब दारात उभे होते. त्यांनी याला नंतर बोलावलं आणि म्हणाले, "दोन उन्हाळे देतो. तोवर नेमबाज म्हणून उभा राहिलास, तर पोरांना शिकवायला ठेवीन. नाहीतर सेवामुक्तीचे कागद करून घरी."

म्हणून मर्डो डाव्या खांद्यावरून नेमबाजी शिकतोय. हे वाचायला सोपं आहे. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, उजव्या बाजूला असतो, तिशीच्या माणसाचा सगळा देह एका बाजूला वळण पडलेला असतो. सुरुवातीला हा हजार यार्डांवर टार्गेटला शिवूसुद्धा शकत नव्हता. ज्याला खुर्चीत बसवून मिरवायची आम्ही तयारी केली होती, तो नवशिक्या पोरांच्या रांगेत शेवटी पालथा पडायचा आणि पोरं त्याला हसायची. ते त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही. रोज सकाळी, बिगुल व्हायच्या आधी, रिकाम्या बंदुकीनं भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरतो. मी झोपेतून डोळे किलकिले करून बघतो आणि पुन्हा झोपायची मला लाज वाटते. त्याचा नेम बघून मला आश्चर्य वाटायचं ते आता लहान वाटतं.

गोळी आता टार्गेटला लागते. काळ्यात अजून नाही. लांब बघितलं की एकट्या डोळ्याला पाणी सुटतं, आणि त्यावर आम्हाला उपाय सापडत नाही.

तुमचा अपराधी,
वॉटी


ग्लेन ऑरी,
२ फेब्रुवारी १९०२

वॉटी यांस,

तुमचं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले आणि रडले. मग गायीला सगळं सांगितलं, मग तोंड धुऊन बाबांकडे गेले. मनाशी शब्द जुळवत होते. ते म्हणाले, "उजवा गेलाय. पहिला ग्लास सांडला तेव्हाच कळलं."

म्हणजे त्या संध्याकाळी सगळं घर हसत होतं तेव्हा या माणसाला ठाऊक होतं. रानात नेऊन त्यांनी एका पांढऱ्या दगडाकडे बोट दाखवलं आणि मर्डोच्या हातात बंदूक दिली, एवढंच. मर्डोनं ती डाव्या खांद्याला लावली. बाबांनी का म्हणून विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दिवसभर दोघं दगडाला गोळ्या मारत बसले. मला ह्या दोघांच्या डोक्यात काय चालतं ते या जन्मी कळायचं नाही.

तुमच्या अडचणीवर बाबांचा निरोप. मी शब्दाशब्दानं लिहिते. "वाऱ्याला खांदा कळत नाही, डावा काय नि उजवा काय. डोळ्याला पाणी आलं तर पुसायचा नाही. पुसला की मान उचलते आणि अंग सरकतं, माझं तेच झालं. बंदूक जागची हलवायची नाही, नुसती नजर खाली गवतावर आणायची. हिरव्यावर डोळा निवतो. मग वर बघायचं. आणि नंबर."

विंबल्डनबद्दल त्यांच्या तोंडून तीस वर्षांत मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तुम्हाला अपराधी म्हणवून घ्यायची गरज नाही. माझंच चुकलं. सोबत मोजे पाठवते आहे. एक जोड तुमचा.

एफी


बिस्ली,
१९ जुलै १९०३

एफी,

तार मिळाली असेलच. पण तारेत काही मावत नाही. मर्डो म्हणाला, बाबांना सगळं लिही, काही गाळू नको. म्हणून बसलोय.

गेल्या उन्हाळ्यात तो पहिल्या फेरीतच गळाला, ते तुला लिहिलं होतं. हा दुसरा उन्हाळा, कर्नलसाहेबांनी दिलेला शेवटचा. शेवटच्या फेरीत हजार यार्डांवर आला तेव्हा लोकांत कुजबुज सुरू झाली, की हा डावखुरा कोण. कुणाला ठाऊक नव्हतं की हा डावखुरा नाहीच. वारा असा भरकटलेला, की एका रांगेतल्या दोन झेंड्यांची तोंडं दोन दिशांना. चांगली चांगली माणसं ढेपाळली. मर्डोचं टार्गेट आठ. सातवर टॉम पार्गेटर म्हणून एक इंग्रज, नॉरिचला पाव भाजतो, हौशी पलटणीतला, आमच्याच वयाचा. हसतमुख माणूस. सकाळी त्यानं आम्हाला घरचा केक दिला होता.

दोघांची एकेक गोळी उरली. पार्गेटर चार गुणांनी पुढं. काळ्याचे पाच मिळतात, आणि त्याला नुसती कड लागली असती तरी पुरे होतं. मी मागच्या दोरीशी उभा होतो, कारण शेवटच्या फेरीत शेजारी पडून वारा सांगायला परवानगी नाही. मर्डोच्या डोळ्याला पाणी सुटलेलं मला मागून कळलं, त्याच्या पाठीवरून कळलं. बंदूक हलली नाही. फक्त टोपी इंचभर खाली गेली. गवताकडे बघत होता, बाबांनी सांगितलं होतं तसं. मीही श्वास रोखून गवताकडे बघायला लागलो.

तेवढ्यात शेजारून गोळी सुटली. आठ नंबरचं टार्गेट खाली गेलं, वर आलं, आणि मधोमध पांढरी चकती. टाळ्या कडाडल्या. नोंद ठेवणाऱ्या सार्जंटनं मर्डोच्या नावापुढं पाच लिहिले. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. मीही उडवली, एफी, लपवत नाही. आणि पार्गेटर सात नंबरचं टार्गेट खाली जायची वाट बघत होता. ते जाईना.

मर्डोनं मान वळवली आणि म्हणाला, "मी मारलेली नाही." ओरडला नाही, तो ओरडतच नाही. पण ते शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. त्यानं बोल्ट मागं ओढला आणि भरलेलं काडतूस गवतावर पडलं. अंमलदार धावत आले. पार्गेटरला विचारायची वेळच आली नाही. तो आपणहून म्हणाला, "ती माझी होती. मी चुकीच्या टार्गेटवर मारली." आणि तोंड हातावर टेकवून पडून राहिला. सातला शून्य.

आता मर्डोला काळ्याखेरीज काही चालणार नव्हतं. इतका वेळ गेल्यावर आधीचा वाराही गेला होता. त्यानं ते काडतूस उचललं, कोटाला पुसलं, पुन्हा भरलं. हजारभर माणसं एका पाठीकडे बघत होती. मला वाटलं, या पाठीवर एवढं ओझं मी टाकलं असतं तर ती मोडली असती. तो गवताकडे बघत राहिला. झेंडे फिरले, पुन्हा फिरले. मग त्यानं नजर वर नेली आणि म्हणाला, "आठ."

पार्गेटरनं तो शब्द ऐकला. त्याच्या खांद्यांवरून मला दिसलं.

पांढरी चकती पुन्हा मधोमध आली. मी आयुष्यात चर्चमध्ये कधी इतका मनापासून उभा राहिलेलो नाही जितका त्या क्षणी उभा होतो. टाळ्या जरा उशिरानंच आल्या, सगळ्यांचं माझ्यासारखंच झालं असावं. मग खुर्ची आली, बॅगपाइप वाजवणारे आले. खुर्चीचा पुढचा डावा पाय माझ्या खांद्यावर होता. खुर्चीतला माणूस पुढं बघतच नव्हता. मागं वळून वळून त्या पावाच्या माणसाकडे बघत होता, जो अजून तिथंच बसला होता.

संध्याकाळी कर्नलसाहेब आले आणि म्हणाले, "मॅक्फेल, तुझा कुठला डोळा अधू आहे ते मी विसरलो." तो शिकवायला राहतोय.

तुझा,
वॉटी


ग्लेन ऑरी,
२४ जुलै १९०३

वॉटी,

तुझं पत्र अंगणात वाचून दाखवलं, सगळं गाव जमलं होतं. डूगी लोहार लहान पोरासारखा रडला. पत्र संपायच्या आत पोरांनी सुकी झुडपं आणि मोडके कुंपणाचे खांब टेकडीवर नेऊन टाकले. आज पेटवायचीच म्हणाले, तीस वर्षं राहिलेली आग आहे.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "थांबा."

मला वाटलं, आता तरी मर्डोच्या गोळीबद्दल विचारतील. विचारलं ते असं, "तो सात नंबरवाला घरी कसा गेला?" मी म्हटलं, पत्रात नाही. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे कसा गेला असेल." मग गुडघ्यावर हात फिरवला. आणि म्हणाले, "वॉटीला लिही, मर्डो येईल तेव्हा त्यानं त्या सात नंबरवाल्याला सोबत आणावं. तो आल्याशिवाय आग पेटवायची नाही."

गाव कुरकुरलं. जिंकला आपला माणूस, आग कुणाची वाट बघतेय, असं म्हणाले. पण बाबांसमोर कोण बोलणार? खांब तिथंच पडून आहेत आणि रोज पाऊस आहे. तू काहीतरी कर.

एफी


नॉरिच,
५ ऑगस्ट १९०३

एफी,

मी स्वतःच आलो. पार्गेटर दुकानात होता, पण पाव त्याची बायको विकत होती. तो मागं पिठाच्या पोत्यावर बसलेला. येणार नाही म्हणाला. "तुमच्या गावानं माझ्या जखमेला फुंकर घालायची गरज नाही," असं तोंडावर बोलला. मी म्हटलं, फुंकर-बिंकर कुणी घालत नाही, तिथं एक म्हातारा आहे, त्याचं तुझ्याकडे काम आहे. काय काम, ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोनं टोपी आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. बारा तारखेच्या गाडीनं तो आणि मर्डो निघतील.

माझी रजा या प्रवासात संपली. तुमच्या टेकडीकडे तू माझ्या वाटणीचंही बघून घे.

वॉटी


ग्लेन ऑरी,
१५ ऑगस्ट १९०३

वॉटी,

तुझ्या वाटणीचं बघितलं. आता सांगते.

बाबा वर्षभरात फाटकापलीकडे गेलेले नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. परवा संध्याकाळी गाडीची वेळ झाली तसे उठले, काठी घेतली आणि चालायला लागले. मी मागोमाग. ओढ्याच्या वळणावर जाऊन थांबले. मला बसायला दगड शोधायचं सुचलं, तर म्हणाले, "इथं उभंच राहायचं असतं." पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की मी टोपी काढली की पेटवा.

मर्डो आणि तो वळणावरून आले. पार्गेटरची मान खाली होती. मर्डोनं बाबांकडे बघितलं आणि दोन पावलं मागं राहिला. बाबांनी टोपी काढली. ओली लाकडं आधी नुसती धुरली, मग एकदम भडकली. आमच्या टेकडीवर, वॉटी. नऊ वर्षांची असताना पाहिलेली जागा तीच.

पार्गेटरनं वर बघितलं. "हे मर्डोसाठी का?" त्यानं विचारलं.

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले.

"मी हरलो, साहेब. तुम्हाला चुकीचं कळलंय."

"मला कळलंय ते मर्डोला पण कळलेलं नाही," बाबा म्हणाले. "मी याच वळणावर उभा होतो. ती आग बघून मला वाटलं, ही चुकीच्या माणसासाठी पेटलीय. तीस वर्षं मला तसंच वाटत होतं. तुझं पत्रात ऐकलं आणि पहिल्यांदा मनात आलं, अरे, हजार यार्डांवरून, तसल्या वाऱ्यात, ह्या पठ्ठ्यानं काळ्याच्या मधोमध मारलीय. टार्गेट चुकलं असेल. गोळी कुठं चुकली?"

ते पुढं म्हणाले, "माझीही मधोमध होती, बरं का." हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. त्र्याहत्तर साली विंबल्डनच्या माळावर मारलेल्या त्या गोळीचा त्यांना अभिमान वाटतोय, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पार्गेटरनं चेहरा ओढ्याकडे वळवला आणि बाबांचा दंड धरला. मग दोघं तसेच टेकडी चढले. कुणी कुणाला धरलं होतं ते सांगता येणार नाही. वर डूगीनं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होता. पण पुढं होऊन त्यानंही टोपी काढली.

मी कागदाची भोकं म्हणायचे त्याला. तो शब्द परत घेते.

नंतर सगळे आमच्या घरी आले. रिवाजाप्रमाणं पाहुण्याचा पहिला ग्लास घरच्या मुलानं भरायचा. मर्डोनं बाटली उचलली. मला फडकं आणायला उठावंसं वाटलं, पण बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बसले. धार ग्लासाच्या शेजारी पडली. पार्गेटरला आमच्या घरचं काहीच ठाऊक नाही, डोळ्याचं तर कुणी त्याला सांगितलेलंच नव्हतं. त्यानं आपला ग्लास मुकाट्यानं सरकवला आणि धारेखाली धरला. मर्डो हसला. ग्लास काठोकाठ भरला.

पुढच्या रजेला तू ये. तुझ्यासाठी आग पेटवावी असं काही तू केलेलं नाहीस, पण चूल पेटलेली असेल.

एफी